डुकरांच्या कायद्याचा आमदार

ऑकलंडच्या मराठी मंडळींच्या गणपतीत नवीन कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आपण काय करता?" कुणी डॉक्टर असतो, कुणी बँकेत, बाकीचे सगळे आयटीत. मी म्हणायचो, "दफनभूमीत असतो." समोरच्याचा मोदक तोंडाशी जाता जाता थबकायचा. मग सुनंदा, म्हणजे माझी बायको, घाईघाईने पुस्ती जोडायची, "ऑफिसात आहेत हो ते. कौन्सिलच्या."

ऑफिसातच होतो, खोटं नाही. पण ते ऑफिस ऑकलंडजवळच्या एका गावच्या दफनभूमीच्या चांगलं मधोमध होतं. खिडकीतून डावीकडे कॅथलिक, उजवीकडे प्रेस्बिटेरियन, आणि मागच्या बाजूला चहाची किटली. बारा वर्षं मी तिथल्या नोंदी सांभाळल्या. निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले, तरी छातीवर हात ठेवून सांगतो, इतक्या थराराची नोकरी मला दुसरीकडे मिळाली नसती. आयटीवाल्यांना हे पटत नाही. त्यांना आयरीनबाई भेटल्या नाहीत, म्हणून.

त्याआधी मी सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. सोप्या भाषेत, शेताची मोजणी करायला येतो तो माणूस. त्रेचाळिसाव्या वर्षी शिक्षण-अनुभवाच्या पॉइंट्सवर व्हिसा मिळवून न्यूझीलंडला आलो, ऑकलंडच्या मनुरेवा भागात घर केलं, आणि सुरुवातीला सुपरमार्केटच्या ट्रॉल्या गोळा केल्या. मग एक दिवस जाहिरात दिसली, जुने नकाशे वाचू शकणारा माणूस हवा. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, मेलेल्यांमध्ये काम करायला भीती नाही ना वाटणार? मी म्हटलं, "साहेब, मी वीस वर्षं भावाभावांच्या वाटण्या मोजल्यात. तिथे जिवंत माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी असायची."

काम म्हटलं तर साधं. एक जुनं रजिस्टर, एक नकाशा आणि एक जमीन, या तिघांचं एकमत ठेवायचं. माणूस गेला की त्याच्या नावावर एक जागा लागते. सातबाराच म्हणा, फक्त पीकपाण्याचा रकाना कोरा. नवीन कबर खणायची असेल तर ती जागा खरोखर मोकळी आहे का, हे सांगणं माझं काम. तिथे चूक झाली तर काय होईल याची कल्पना तुम्ही जेवण झाल्यावर करा.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एक निवृत्त बसड्रायव्हर दरवर्षी स्वतःसाठी घेऊन ठेवलेली जागा तपासायला यायचा, चक्क तिथे आडवा व्हायचा आणि शेजारच्या झाडाची सावली पायावर येते अशी लेखी तक्रार द्यायचा. एकदा दोन म्हाताऱ्या आल्या, एकाच नवऱ्याच्या आजी-माजी बायका. दोघींना त्याच्या उजवीकडचीच जागा हवी होती, कारण डाव्या कानाने तो बहिरा होता.

सुनंदाचा या सगळ्यावर एकच उपाय होता. संध्याकाळी मी घरी आलो की मागच्या दाराने लॉन्ड्रीत जायचं, तिथे बादली भरलेली असायची, अंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ऑकलंडच्या जुलैतल्या थंडीतसुद्धा. मी कुरकुर केली की म्हणायची, "तुम्ही कुठून आलात ते विसरू नका."

आमचा खणकाम करणारा हेमी माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी होता. दरवाजाएवढा उंच, छोटा डिगर खेळण्यासारखा चालवणारा. तोही दफनभूमीतून बाहेर पडताना रोज फाटकापाशी थांबून नळावर हात धुवायचा, चार थेंब डोक्यावर शिंपडायचा आणि मगच गाडीत बसायचा. त्यांच्यातली रीतच आहे ती. हे सुनंदाला सांगितल्यावर तिचा चेहरा असा खुलला, जणू तिची सख्खी बहीणच इथे सापडली.

आता मुद्द्याची गोष्ट.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. हिवाळ्यातल्या एका सकाळी एक म्हातारी बाई वॉकर ढकलत ऑफिसात आल्या. वय शहाऐंशी, पाठ ताठ, ओठांना लिपस्टिक. वॉकरच्या टोपलीत आइस्क्रीमचा रिकामा डबा, इथे घरोघरी सगळं काही त्याच डब्यात असतं, आणि डब्यात जुने कागद. याच आयरीनबाई. त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहितो आहे.

"माझे आजोबा तुमच्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "कुठे ते मला माहीत नाही. दगड नाही त्यांच्यावर."

आजोबांचं नाव एलाय. मूळचे अमेरिकेतले. तिथल्या यादवी युद्धात ते उत्तरेच्या बाजूने लढले, डाव्या खांद्यात गोळी घुसली. घरी परतल्यावर लोकांनी त्यांना राज्याच्या विधानसभेवर निवडून दिलं. म्हणजे आपल्या भाषेत आमदार. पण पुढे एकाच वर्षी तापाने बायको गेली, मूल गेलं, आणि हा माणूस सगळं सोडून जहाजात बसला तो थेट इथे येऊन उतरला. फ्लॅक्सच्या गिरणीत वाख काढण्याची मजुरी केली. उतारवयात पुन्हा लग्न केलं, एक मुलगी झाली. ती आयरीनबाईंची आई.

"गावाने त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नाही," आयरीनबाई म्हणाल्या. "गिरणीतला मजूर म्हणे आमदार होता. त्यात आजोबा एक गोष्ट छातीठोकपणे सांगायचे, की मी विधानसभेत डुकरांचा कायदा केला. झालं. त्यानंतर पोरं माझ्या आईच्या मागे डुकरासारखी हुंकारत जायची. पुढे माझ्याही."

त्यांना हवं होतं ते एवढंच. आजोबांच्या डोक्याशी एक दगड, त्यावर नाव, आणि ते कोण होते ते खरं खरं. "डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा जरा लवकर बघा."

मी होकार दिला, पण मनातून साशंक होतो. आपल्याकडे जसा प्रत्येक घराण्याचा एक पूर्वज पानिपतावर पडलेला असतो, तसा गोऱ्यांच्या प्रत्येक घराण्यात एक कॅप्टन असतो. या धंद्यात मी असे डझनभर कॅप्टन पाहिले होते, त्यातले निम्मे कागद काढल्यावर आचारी निघाले.

तरी अमेरिकेत पत्रं धाडली. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना एक, त्या राज्याच्या विधानसभेचं दप्तर ठेवणाऱ्यांना एक. मग रोज टपालाची वाट. साहेब म्हणाले, हे आपलं काम नाही. मी म्हटलं, मान्य, आणि तिसरं पत्र टाकलं. हाडाचा मोजणीवाला एकदा साखळी धरली की अर्ध्या शेतातून परत येत नाही.

तीन महिन्यांनी एक जाडजूड लिफाफा आला. मी तो उघडला नाही. शपथ सांगतो, सबंध दिवस तो टेबलावर ठेवून मी त्याच्याकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी आयरीनबाई आल्यावर त्यांच्यासमोर फोडला. हेमीही मटण पाय, म्हणजे इथला खिमा भरलेला पॅटिस, खात दारात येऊन उभा राहिला.

आधी निघाली ती पेन्शनची फाइल. एलायने म्हातारपणी जखमी सैनिकाच्या पेन्शनसाठी अर्ज केला होता, आणि तो अर्ज आमच्याच गावातून गेला होता. सोबत इथल्या डॉक्टरचा दाखला, डाव्या खांद्यावर गोळीचा व्रण आहे. म्हणजे माणूस तोच, शंकाच नको. मग विधानसभेच्या कामकाजाच्या पानांच्या प्रती. सदस्यांच्या यादीत एलायचं नाव, त्याचा तालुका. पानं उलटत गेलो. रस्ते, पूल, शाळा. एलायचं कुठे नाव नाही. आमदारकीच्या दोन वर्षांत हा बाबा तोंड उघडायला तयार नाही. आणि मग एका पानावर ते होतं. मोकाट डुकरांना आवर घालण्याचं विधेयक. मांडणारा, एलाय.

मी ते मोठ्याने वाचलं. मग खुर्चीतून उठून पुन्हा वाचलं, कारण बसून वाचण्यासारखं ते नव्हतंच. मोकाट डुकरं लोकांची पिकं उद्ध्वस्त करत होती, आणि या एका माणसाने मालकांना कुंपण घालायला लावलं. विधेयक थोडक्या मतांनी मंजूर झालं होतं. मी बांधाबांधावर आयुष्य घालवलेला माणूस. दुसऱ्याच्या जनावराने खाल्लेलं उभं पीक मी पाहिलेलं आहे. मला त्या क्षणी हा एलाय आपल्या तालुक्यातलाच वाटायला लागला. हेमीने हातातला पॅटिस संपवून टाळी वाजवली.

आयरीनबाईंनी भिंग लावून ती ओळ स्वतः वाचली, दोनदा. "आईला माहीत होतं," एवढंच म्हणाल्या, आणि डबा बंद करायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढचं सगळं भराभर झालं. अमेरिकेचं सरकार आपल्या जुन्या सैनिकाच्या बेनामी कबरीसाठी दगड देतं, मग ती कबर जगात कुठेही असो. फक्त कबर नक्की कुठली हे दफनभूमीने लिहून द्यावं लागतं. लिहून देणारा मी. जुनं रजिस्टर काढलं. एलाय, सातवी रांग, चौदावी जागा. नकाशा काढला. सातवी रांग, चौदावी जागा, बिनदगडाची, मोकळं गवत. सही ठोकली.

आयरीनबाईंना मीच तिथे नेलं. त्यांनी त्या गवतावर फुलं ठेवली आणि खुर्ची मागून घेऊन अर्धा तास आजोबांशी बोलल्या. त्यानंतर दर मंगळवारी त्या टॅक्सी करून यायच्या. पांढरा संगमरवरी दगड आला, हेमीने तो उभा केला. त्यावर नाव आणि पलटण. खाली आयरीनबाईंनी स्वतः पितळी पट्टी बसवून घेतली, विधानसभेचे सदस्य म्हणून. "डुकरांचा उल्लेख करायचा का?" मी विचारलं. "नको," त्या म्हणाल्या, "त्यांनी आधीच पुरेसा त्रास दिलाय."

रविवारी अनावरण ठरलं. गावातली जुनी घराणी येणार होती, शाळेचा बँड येणार होता. आणि गुरुवारी दुपारी फाटकाजवळचा नळ बिघडला.

त्या दिवशी लवकर निघायचं म्हणून मी हेमीच्या गाडीत बसणार होतो. हेमी हात धुवायला फाटकाकडे न जाता उलट दिशेला, ओढ्याच्या बाजूला चालू लागला. मी म्हटलं, "अरे, ऑफिसात बेसिन आहे की."

"नो, मेट. आत नाही धुवायचे. बाहेर पडताना धुवायचे."

ओढ्याकडच्या कुंपणाच्या झुडपात एक दगडी डोणी होती, झऱ्याचं पाणी तिच्यात पडत होतं. इतक्या वर्षांत मी ती पाहिली नव्हती. हेमीने हात धुतले, डोक्यावर पाणी शिंपडलं. "आमची नॅनी सांगायची," तो आपल्या आजीविषयी सहज म्हणाला, "तिच्या लहानपणी सगळे इथेच धुवायचे. गेट इथेच होतं ना."

मी झटकन वळून मागच्या रांगांकडे पाहिलं. जुन्या काळी दफनभूमीत रांगा फाटकापासून मोजायचे. फाटकाजवळची पहिली, मग दुसरी. पुढे कधीतरी रस्ता झाला, फाटक रस्त्याकडे नेलं, आणि कुणीतरी नवा नकाशा काढताना रांगा नव्या फाटकापासून मोजल्या. रजिस्टर मात्र जुनंच राहिलं. ज्यांच्यावर नावाचे दगड होते त्यांना नंबराची गरजच नव्हती, म्हणून ही गडबड कुणाच्या लक्षात आली नाही. बेनामी कबर शोधायला निघालेला पहिला शहाणा मी.

"हेमी, प्रोब घेऊन ये," मी म्हटलं. प्रोब म्हणजे जमिनीत खुपसायची पोलादी सळई. पूर्वी खणलेल्या जागी ती सहज आत जाते.

ओढ्याकडून सातवी रांग मोजली. रजिस्टरमध्ये तेराव्या जागी एका लोहाराची बायको होती, पंधराव्या जागी एक शाळामास्तर. मी धापा टाकत पोचलो तर दोघांचे दगड तिथे शेजारी शेजारी उभे, आणि मधे एका माणसापुरती गवताची पट्टी. हेमीने सळई टेकवली. ती खाली खाली जात राहिली.

एलाय सापडला या आनंदात मी अक्षरशः उडी मारली. खाली पाय टेकेपर्यंत आनंद संपलेला होता. कारण त्याच्या नावाचा दगड तिकडे पार दुसऱ्या टोकाला, कुणा भलत्याच्याच डोक्याशी उभा होता.

साताऱ्याला आमचे निमतानदार साहेब, म्हणजे आमची मोजणी तपासणारे वरिष्ठ, नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे. नंबर कागदावर असतो, शेजारी जमिनीवर असतात, तेव्हा आधी चतुःसीमा बघ. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. वीस वर्षं मी तेच केलं. आणि इथे, जिथे शेजारी उठून भांडायला येत नाहीत, तिथे मी शेजाऱ्यांना विचारलंच नाही. लाज वाटली. अजूनही वाटते.

संध्याकाळी लॉन्ड्रीत अंगावर पाणी घेता घेता मी दाराआडून सुनंदाला सगळं सांगितलं. म्हटलं, "दगड हलवायचा तर परवानगी लागणार, समारंभ पुढे जाणार. आयरीनबाईंचं हृदय थकलेलं. तोवर त्या राहिल्या नाहीत तर? आणि मी गप्प बसलो तर कळणार कुणाला?"

"अहो, उद्या तुमच्या नावाची पाटी भलत्याच्या दाराला लावली तर चालेल तुम्हाला?"

"मी मेल्यावर मला काय कळणार आहे?"

"मग चौदा वर्षं भावाभावांच्या हद्दी कशाला मोजल्यात?"

"वीस."

"वीस. त्या म्हाताऱ्या माणसाला सगळं गाव खोटारडा म्हणालं. आता त्याच्या दगडावरही खोटंच राहू द्यायचं का?" आणि टॉवेल दारावर टाकून ती पोळ्या करायला निघून गेली.

शुक्रवारी सकाळी मी आयरीनबाईंच्या वृद्धाश्रमात गेलो. रविवारसाठीचा निळा कोट हँगरला अडकवलेला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझी चूक आहे, दुसऱ्या कुणाची नाही, हेही सांगितलं.

त्यांनी हँगरवरच्या कोटाची बाही सरळ केली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके मंगळवार मी कुणाशी बोलत होते?"

ते मी रजिस्टरमध्ये पाहून गेलो होतो. "गिरणीतला एक आचारी. नातेवाईक कुणी नाही."

"मग त्याला बरं वाटलं असेल." त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर चाललं असतं."

"मला नसतं चाललं."

"नाही चालत," त्या हळूच म्हणाल्या. "मला माहीत आहे. दगड रविवारपर्यंत हलेल का? मी पुढच्या आठवड्याचा भरवसा देत नाही."

साहेबांसमोर मी चूक कबूल केली. त्यांनी दहा मिनिटं मला जे सुनावलं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही, पण अकराव्या मिनिटाला परवानगीवर सही केली. दगडासाठी नवा पाया घालायचा, तो सुकायला एक दिवस हवा. हेमीला विचारलं, जमेल का? "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झालंच समजा', असं तो म्हणाला आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून डिगरवर चढला. मी शर्टाच्या बाह्या वर करून खडी टाकली. या वेळी मी दोरी लावली, चारी बाजूंची अंतरं मोजली, लोहाराच्या बायकोला आणि मास्तरांना साक्षीला धरलं. शनिवारी दुपारी दगड ओळंब्यात उभा राहिला तेव्हा हेमीने आणि मी चिखलाच्या हातांनीच हस्तांदोलन केलं. पंचावन्नाव्या वर्षी इतका आनंद मला सोसवेना, मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो.

रविवारी ऊन पडलं. गावातली माणसं आली, बँडची मुलं रांगेत उभी राहिली. सुनंदाही आली, दफनभूमीत पहिल्यांदाच, जरीची साडी नेसून. मी कागद वाचून दाखवले. युद्ध, खांद्यातली गोळी, निवडणूक, आणि शेवटी डुकरांचं विधेयक. लोक हसले, पण ते चांगलं हसणं होतं. मग आयरीनबाईंना दोन शब्द बोला म्हटलं. खुर्चीत बसूनच बोला असं मी सुचवलं, पण त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या.

"आजोबांना मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "मी दहा वर्षांची होते. शाळेच्या फाटकाशी मुलं माझ्यामागे डुकरासारखी हुंकारत होती. मला ते सहन झालं नाही. मी वळून ओरडून सांगितलं, माझे आजोबा खोटारडे होते, आणि माझी आईही खोटं बोलते, मी त्यांच्यातली नाही. मुलं गप्प झाली. मग दिसलं, आई मला न्यायला आली होती. मागेच उभी होती. त्या दिवसानंतर तिने घरात आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. मरेपर्यंत नाही. आणि मी तिला कधी काही म्हणाले नाही."

एवढं बोलून त्यांनी लोकांकडे पाठ केली. वॉकर सोडला आणि दोन्ही हात दगडाच्या माथ्यावर ठेवले.

"मम," त्यांनी आईला हाक मारली, "ते खोटं बोलत नव्हते. तूही बोलत नव्हतीस. मी बोलले."

बँडला वाजवायची खूण करायचं काम माझ्याकडे होतं. मुलं माझ्याकडे बघत होती. बराच वेळ मला हात उचलता आला नाही.